केअर ऑफ खानझोडे

आमच्या घराला शहर नव्हतं. हे सांगितलं की नागपुरातले माझे चुलतभाऊ आजही हसतात, कारण त्यांच्या लेखी आम्ही ‘व्हँकुव्हरला’ राहत होतो, आणि तसं त्यांना आम्हीच सांगितलं होतं. पण लोक ज्याला व्हँकुव्हर म्हणतात ते एक शहर नाही. वीसेक लहानमोठ्या नगरपालिका एकमेकींना खेटून बसल्या आहेत. प्रत्येकीचा मेयर वेगळा, कचरा उचलायचा दिवस वेगळा, फायर हॉल, म्हणजे अग्निशमन केंद्रं, वेगळी. एखाद्या रस्त्याच्या अलीकडच्या फुटपाथवर कोक्विटलाम असतं आणि पलीकडच्या फुटपाथवर दुसरंच गाव लागलेलं असतं. या सगळ्यांच्या वर एक प्रादेशिक मंडळ आहे. पिण्याचं पाणी, सांडपाणी, मोठाली उद्यानं ते बघतं. शाळेच्या भिंतीवर या सगळ्याचा नकाशा होता, प्रत्येक नगरपालिकेला एक रंग. सगळे रंग भरून झाल्यावर वरच्या बाजूला, डोंगर आणि पाण्याच्या कडेने, काही पांढरे तुकडे उरले होते. ते मंडळाच्या हद्दीत होते, पण कोणत्याच शहरात नव्हते. त्या विखुरलेल्या तुकड्यांना मिळून कागदोपत्री एकच नाव होतं, एरिया ए. माझं सोळावं-सतरावं वर्ष त्यातल्याच एका तुकड्यावरच्या लाकडी घरात गेलं, आणि त्या घराबद्दल मी जितकं खोटं बोललो तितकं आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल बोललो नसेन.

बाबा नागपुरात डिझेल मेकॅनिक होते. कॅनडात आलो तेव्हा पहिले काही महिने आम्ही कोक्विटलामला खानझोडे काकांच्या बेसमेंटमध्ये काढले. काका बाबांचे शाळासोबती, आमच्या पुष्कळ आधी येऊन स्थिरावलेले. बाबा रात्री एका गोदामात खोकी उचलत आणि दिवसा त्या अर्ध्या उजेडात भिंतीकडे तोंड करून झोपत. मग कुठूनशी त्यांना ही नोकरी लागली. इंडियन आर्म नावाची एक लांबच लांब खाडी डोंगरांच्या मधून आत शिरली आहे, तिच्या काठावर शाळेतल्या मुलांचा उन्हाळी कॅम्प होता. उन्हाळा संपला की तिथे कोणी नसे. इमारती, बोटी आणि जनरेटर सांभाळायला बारा महिने तिथे राहणारा माणूस हवा होता, राहायला घर फुकट. खाडीचं नाव ऐकून नागपूरच्या आत्याला वाटलं, आपल्याच लोकांची वस्ती असेल. आपला संबंध नाही, इथले जे मूळ लोक त्यांच्यावरून गोऱ्यांनी ठेवलेलं ते नाव आहे, आणि त्या लोकांचं त्या पाण्याला स्वतःचं वेगळं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं.

“अबे, तिथं रस्ता जात नाही,” काका बाबांना म्हणाले. “बोटीनं जा लागते. पागल झाला का?”

“रस्ता नाही तं नाही. खिडकी तं आहे न? तुझ्या बेसमेंटमधून मले लोकाईचे फक्त पाय दिसते बाप्पा.”

काका मोठ्यांदा हसले. काकूंनी मात्र आईला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, “तुम्हाला चालणार आहे का हे वहिनी? रात्री-बेरात्री काही झालं तर?” आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

घर धक्क्यापासून थोडं वर, देवदारांच्या गर्दीत होतं. पावसाळा तिथे सप्टेंबरअखेर सुरू होई आणि संपायचं नाव घेत नसे. छपरावर पाऊस पडून गेला तरी झाडं पुढे तासभर ठिबकत राहायची. पाणी डोंगरातल्या ओढ्याचं, नळीनं घरात आणलेलं. कचरा पिशव्यांत बांधून बोटीनं शहरात न्यायचा. जनरेटर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होता आणि डिझेल बोटीनं यायचं म्हणून तो फक्त संध्याकाळी दोन तास चाले. त्या दोन तासांभोवती आईचा सगळा दिवस गुंडाळलेला असे. मागून धडधड सुरू झाली रे झाली की ती मिक्सर लावायची. खोबरं, खसखस, लाल मिरची, सांबार, म्हणजे कोथिंबीर, सगळं दुपारपासून वाट्यांमध्ये मांडून ठेवलेलं असे. वॉशिंग मशीन, मिक्सर आणि जनरेटर एकदम चालू झाले की घर हलल्यासारखं वाटे. मग दोन तासांनी बाबा मागे जाऊन खटका पाडत आणि इतकी शांतता होई की पातेल्यात रस्सा रटरटल्याचा आवाज कानात भरे. धक्क्याच्या टोकाशी उभं राहिलं की दूर दक्षिणेला डोंगराच्या माथ्यावरच्या विद्यापीठाचे दिवे दिसत. शहर इतकं जवळ होतं. आई जेवण झाल्यावर कधी कधी शाल गुंडाळून तिथे जाऊन ते दिवे बघत उभी राहायची.

खाडीवर आमच्यासारखी थोडी घरं होती, एकमेकांपासून पाण्यानं तोडलेली. सगळ्यात जवळची शेजारीण म्हणजे ग्लेंडा, तीन वळणं पलीकडे एकटी राहणारी सत्तरीची बाई, अॅल्युमिनियमच्या बोटीतून वाऱ्यासारखी यायची. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात ती बादलीभर खेकडे आणि एक जुनी पितळी घंटा घेऊन आली. खेकड्यांची आईनं अशी तर्री केली की ग्लेंडा डोळ्यांतलं पाणी पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होती. जेवताना बाबांनी तिला आपल्या इंग्रजीत विचारलं की इथला मेयर कोण.

“नो मेयर,” ग्लेंडा म्हणाली. मंडळावर आमचा एक डायरेक्टर असतो, आम्ही त्याला निवडून देतो, पण तो खूप लांब बसतो, असं तिनं सांगितलं. फायर ब्रिगेड नाही, नगरपालिका नाही, कौन्सिल नाही.

बाबा माझ्याकडे वळले. “म्हणजे ग्रामपंचायतबी नाही?”

“नाही बाबा.”

“नो मेयर, नो फायर,” बाबा तिला म्हणाले. “देन समथिंग हॅपन, हू विल डू?”

“वी विल, हनी,” ग्लेंडा म्हणाली, आणि जेवण झाल्यावर तिनं ती घंटा स्वतःच्या हातानं धक्क्याच्या टोकाच्या खांबाला टांगली. प्रत्येक धक्क्यावर अशी एक आहे, म्हणाली. आग लागली, कोणी पडलं, काहीही झालं तरी वाजवत राहायचं. पाण्यावरून आवाज लांब जातो. ज्याला ऐकू येईल तो निघेल. बाबांनी नम्रपणे मान हलवली. ती गेल्यावर आईला म्हणाले, “देवळासारखी घंटा लावून गेली बुढी,” आणि आम्ही तिघंही हसलो. पुढे कित्येक महिने ती घंटा आमच्यापैकी कोणी वाजवली नाही. मी तिच्यावर माझा ओला टॉवेल वाळत घालायचो.

आता पत्त्याचं. बाबांना पत्त्याचं भय होतं. नागपुरात कधीकाळी त्यांचा एक दाखला दोन कागदांवरचे पत्ते जुळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं अडकला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की माणसाचा पत्ता एकच हवा, सगळीकडे तोच हवा, आणि तो विचारल्याबरोबर तोंडातून निघायला हवा. या नव्या घराचा पत्ता तर लिहिताच येत नव्हता. रस्त्याचं नाव नाही, घराला नंबर नाही, आणि कोणत्याही फॉर्मवर ‘शहर’ हा रकाना आला की बाबांचा पेन थांबायचा. शिवाय माझी शाळा होती. मी कोक्विटलामच्या शाळेत रुळलो होतो, मित्र झाले होते, आणि मी हट्ट धरला की शाळा बदलणार नाही. तेव्हा असं ठरलं की सोमवार ते शुक्रवार मी खानझोडे काकांच्या बेसमेंटमध्येच राहावं, शनिवार-रविवार खाडीवर यावं, आणि सगळ्यांचा पत्ता तोच ठेवावा. बँकेत तोच, फोनवर तोच, लायसन्सवर तोच, पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, अर्जावर तोच. काका म्हणाले, “टाक न बे, पत्त्यानं माझं घर काय झिजून जाणार आहे?” आपल्या लोकांत हे किती सहज होतं! कोणाच्या तरी नावापुढे केअर ऑफ लावलं की माणूस त्या गावचा होतो. आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही.

पण बाबांना धास्ती होती की कोणी चौकशी केली आणि आपण अडखळलो तर? म्हणून ते आमच्याकडून पत्ता पाठ करून घेत. शनिवारी रात्री जेवायला बसलो की पहिला घास घ्यायच्या आधी ते माझ्याकडे बोट करत. “बोल.”

“केअर ऑफ खानझोडे, बेसमेंट, कोक्विटलाम,” मी घडाघडा म्हणायचो, मधला नंबर, रस्ता, शेवटी पोस्टल कोडसकट.

“आता तू.”

आई चपाती मोडता मोडता म्हणायची, इंग्रजी अक्षरांना ठेचकाळत. चुकली की बाबा परत म्हणायला लावत. एकदा ती वैतागून म्हणाली, “अहो, मी काय शाळेत आहे का? राहून राहिलो इथं आणि नाव घेऊन राहिलो तिथलं. देवाले तरी कळू द्या आपण कुठं आहो ते.”

“देव फॉर्म नाही मागत,” बाबा म्हणाले. “बोल.”

मला तो पत्ता आवडायचा, हेही सांगून टाकतो. वर्गात कोणी विचारलं तर मी तोच सांगत असे. ओढ्याचं पाणी, बोटीतला कचरा, डिझेलचा वास लागलेले बाबांचे कपडे, यातलं काही मी कोणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी बाबा मला न्यायला शहराकडच्या सार्वजनिक धक्क्यावर यायचे तेव्हा मी मुद्दाम बसमधून एक थांबा पुढे उतरून मागे चालत यायचो, मित्रांना ती बोट दिसू नये म्हणून.

ती डिसेंबरमधली शनिवारची संध्याकाळ होती. चार वाजताच अंधारून आलं होतं, पाऊस सरळ पडत होता, वारा नव्हता. आईनं बेसनाच्या पातोड्या थापून ठेवल्या होत्या आणि रश्श्याचं वाटण वाट्यांमध्ये तयार होतं. बाबा रेनकोट चढवून मागे गेले. थोड्या वेळानं धडधड सुरू झाली, दिवे लागले, आईनं मिक्सर लावला. मी चुलीशी पाय शेकत बसलो होतो. मिक्सर थांबला, परत लागला, परत थांबला. फोडणी पडली. जनरेटर लावला की बाबा लगेच आत येऊन हात धुवायचे, ते आले नव्हते. आई म्हणाली, “बघ बरं, काय करून राहिले.”

पत्र्याच्या खोलीत ते डिझेलच्या पिंपाला टेकून जमिनीवर बसले होते, एखादा माणूस दमून बसावा तसे. डाव्या हातात पाना होता. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मी “बाबा” म्हटलं तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू वर आलीच नाही. ते माझ्याशी बोलत होते. स्वर त्यांचा होता, चढउतार त्यांचे होते, रागावल्यासारखे, काहीतरी समजावून सांगितल्यासारखे. पण त्यात शब्द नव्हते. जनरेटरच्या आवाजामुळे मला ऐकू येत नाहीये असं मला आधी वाटलं. मी खटका पाडला. त्या शांततेतही शब्द नव्हते.

मी आईला हाक मारली आणि धक्क्याकडे पळत सुटलो. फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला मिळायची, तीही पावसात धड नाही. घंटेच्या खांबाला टेकून मी तातडीच्या मदतीचा नंबर लावला. एक बाई शांत आवाजात म्हणाली, पोलीस, फायर की अॅम्ब्युलन्स? मी म्हणालो अॅम्ब्युलन्स. तिनं विचारलं, कोणत्या शहरासाठी?

आणि मी म्हणालो, कोक्विटलाम. नुसतं तेवढंच नाही. केअर ऑफ वगळून नंबर, रस्ता, बेसमेंट, पोस्टल कोड, सगळं एका दमात, एकही अक्षर न चुकता, शनिवारी रात्री पहिल्या घासाच्या आधी म्हणायचो तसं. माझे वडील पडलेत, त्यांना बोलता येत नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, निघालेत ते, लाइनवर राहा. आणि लाइन गेली.

मला काय वाटलं ते अजून आठवतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आपण नीट बोललो, अडखळलो नाही, याचं एक समाधान वाटलं. मी पळत वर गेलो. आईनं बाबांना रजईत गुंडाळून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी म्हणालो, “येऊन राहिले. निघाले म्हणे.” मग आम्ही वाट बघू लागलो. टॉर्च पेटवून मी पत्र्याच्या खोलीच्या दारात उभा राहिलो, खाडीकडे डोळे लावून. दूरचा प्रत्येक आवाज मला इंजिनाचा वाटत होता. बाबा मधून मधून डाव्या हातानं माझ्याकडे बोट करत, पाण्याकडे करत, आणि ते बिनशब्दांचं काहीतरी निकरानं बोलत. मी म्हणत होतो, “हो बाबा, येऊन राहिले, मी सांगितलं न.” आता वाटतं, त्यांना कळलं होतं. धक्का तिथून लांब नव्हता आणि मी ओरडून बोललो होतो.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी पुष्कळदा तो मोजायचा प्रयत्न केला आहे आणि प्रत्येक वेळी तो वेगळा भरतो. घरातली फोडणी गार होऊन तेलाचा वास खोलीपर्यंत येऊन बसला होता एवढं आठवतं. आई एकाएकी म्हणाली, “पराग, तू पत्ता सांगितला न त्याईले?”

“हो.”

“कोणता सांगितला?”

मी टॉर्च खाली केला. बाबांचं डोकं तिनं हलकेच रजईच्या घडीवर ठेवलं, उठली, आणि मला बाजूला सारून अनवाणीच पावसात धक्क्याकडे गेली. मागोमाग मी. ती टोकाला पोचली, घंटेवरचा माझा टॉवेल ओढून पाण्यात फेकला आणि दोन्ही हातांनी दोरी धरून वाजवू लागली. मी पाच पावलांवर उभा होतो. एवढा मोठा आवाज त्या घंटेत होता हे मला माहीत नव्हतं. तो समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा आणि पुढच्या टोल्यात मिसळायचा. आई रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती वाजवत होती, मिक्सरच्या वेळी दिसायचा तोच एकाग्र चेहरा.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. खानझोडे काकू होत्या. “अरे पराग, आमच्या दाराशी अॅम्ब्युलन्स आली ना! बेसमेंट उघडून दाखवलं त्यांना, कोणी नाही म्हटलं. ते म्हणतात इथूनच फोन आला. कोण पडलं रे? हे त्यांना समजावून राहिले खाडीचं, ते विचारतात कोणती म्युनिसिपालिटी...” मी काहीतरी ओरडलो. काकूंचा फोन तुटला आणि लगेच तिकडून परत फोन आला, तीच शांत आवाजाची बाई होती. तुम्ही नक्की कुठे आहात? कोणतं शहर? कोणतंच नाही. जवळचा चौक कोणता? चौक नाही, पाणी आहे. घराची खूण? हिरवं छप्पर. इथे सगळ्यांची छपरं हिरवी आहेत, हे मला बोलता बोलता आठवलं. ती बिचारी आपलं काम नीटच करत होती. तिच्यापाशी रकाना होता आणि माझ्यापाशी त्यात भरायला काही नव्हतं.

ग्लेंडाची बोट वळणावरून आली तेव्हा आईचे हात सोलवटले होते तरी ती वाजवतच होती. ग्लेंडानं एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही तिघांनी कॅम्पच्या स्ट्रेचरवरून बाबांना खाली आणलं, बोटीच्या तळाशी ठेवलं, आणि तिनं इंजिन असं सोडलं की पाऊस समोरून दगडांसारखा लागू लागला. आई तळाशी बसून बाबांच्या चेहऱ्यावर ताडपत्री धरून होती. बोट चालवता चालवता ग्लेंडानं रेडिओवर कोणाला तरी आमची जागा सांगितली: अमुक ओढा, अमुक सुळका, कॅम्पचा धक्का, आणि आपण आता कोणत्या सार्वजनिक धक्क्याला लागतोय ते. तिनं सगळं तीन वाक्यांत सांगितलं, आणि त्यात शहराचं नाव कुठेच नव्हतं. विद्यापीठाचे दिवे आमच्या दिशेनं येत होते. आम्ही लागलो तेव्हा धक्क्यावर लाल दिवे फिरत उभे होते.

लवकर आणलं असतं तर एक औषध देता आलं असतं, आता ती वेळ टळली, असं डॉक्टर म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, दिलं असतं तरी फरक पडलाच असता असं नाही. हे दुसरं वाक्य मी आयुष्यभर हातात धरून चाललो आहे. ते मला अजून पेलता आलेलं नाही.

बाबा वाचले. उजवा हात गेला, पाय थोडा परत आला. वाचा गेली. आठवडाभरानं एक नर्स त्यांच्या पलंगाशी बसून, चित्रं दाखवून, त्यांच्याकडून एखादा शब्द निघतो का बघत होती. तुमचं नाव? नाही. हा कोण, तुमचा मुलगा ना? बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग तिनं सहज विचारलं, बरं, तुम्ही राहता कुठे?

“केअर ऑफ खानझोडे, बेसमेंट, कोक्विटलाम,” बाबा म्हणाले. स्वच्छ, पूर्ण, पोस्टल कोडसकट.

नर्स आनंदानं टाळ्या वाजवू लागली. “ही नोज हिज अॅड्रेस!” ती आईला म्हणाली. आईनं पदर तोंडात धरला आणि ती बाहेर गेली.

पुढे बाबा होते तोवर त्यांना तेवढंच बोलता आलं. जे शब्द माणूस विचार न करता हजारदा म्हणतो ते मेंदूत निराळ्या जागी टिकून राहतात, असं मला सांगण्यात आलं. भूक लागली तरी तोच पत्ता, राग आला तरी तोच. माझ्या लग्नात आशीर्वाद देताना डावा हात डोक्यावर ठेवून त्यांनी हळूच, फार मायेनं, तोच म्हटला. कॅम्पची नोकरी गेली. काका स्वतः हॉस्पिटलमध्ये आले, बाबांच्या तोंडून आपलं नाव ऐकून पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून रडले, आणि म्हणाले, “चल बे, बेसमेंट रिकामंच आहे.” असा तो पत्ता शेवटी खरा झाला. बाबा पुन्हा त्या खिडकीतून लोकांचे पाय बघू लागले. आई वरच्या काकूंच्या मिक्सरवर हवं तेव्हा वाटण वाटू लागली. त्या रात्रीबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आता माझंही कोक्विटलामला घर आहे आणि बेसमेंटमध्ये कॉलेजात शिकणारी नागपूरची दोन पोरं भाड्यानं राहतात. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाचा मित्र आला. तो राहतो दुसऱ्याच गावात, पण “काका, कार इन्शुरन्सला तुमचा पत्ता टाकू का? केअर ऑफ?” म्हणाला. मी त्याच्यावर असा ओरडलो की पोरगा चहा टाकून निघून गेला. बायको म्हणाली, “लेकराला एवढं काय बोलायचं? पत्ताच तर मागत होता.” माझी मुलगी मैत्रिणींबरोबर कुठे गेली की मी तिला विचारतो, तिथे कोणती म्युनिसिपालिटी लागते, फायर हॉल कुठला. ती डोळे फिरवते. “डॅड, देअर इज जीपीएस.” असेल. मी तरी विचारतो.

बाबा जायच्या आदल्या उन्हाळ्यात ग्लेंडाचा निरोप आला की ती आता घर विकून मुलीकडे, लांब रेजिना शहरात, जातेय, जाण्याआधी एकदा या. नव्वदी गाठत आलेली बाई तीच बोट घेऊन आम्हाला न्यायला सार्वजनिक धक्क्यावर उभी होती. बाबांना आम्ही उचलून आत बसवलं. वाटेत ते दोनदा पत्ता म्हणाले, एकदा माझ्याकडे बघून आणि एकदा एका बगळ्याकडे बघून. कॅम्प अजून होता. पोरं अजून आलेली नव्हती, धक्का रिकामा होता, आणि टोकाच्या खांबावर तीच घंटा होती, हिरवट पडलेली. मी बाबांना धरून उभं केलं. ते घराकडे बघत राहिले, मागच्या पत्र्याच्या खोलीकडे, ओढ्याकडे. मी वाट बघत होतो. इतक्या वर्षांत ते कशाही समोर उभे राहिले की तो पत्ता यायचाच.

ते काही बोलले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं, माझा हात उचलून घंटेच्या दोरीवर ठेवला आणि वरून आपला हात दाबून धरला. मी ओढली. एकदा, मग पुन्हा. वर दार धाडकन उघडलं आणि नवा राखणदार, एक तरुण माणूस, बुटांच्या नाड्या न बांधता उतारावरून आमच्याकडे धावत येऊ लागला. त्यानं आम्हाला कधी पाहिलं नव्हतं आणि आम्ही कोण, कुठले, हे विचारलं नाही. धावता धावताच ओरडून विचारलं, काय झालं, कोणाला लागलं?

आई धक्क्याच्या कडेला उभी होती. तिनं माझ्याकडे बोट केलं.